ते पोर कोणाच्या ताब्यात आहे?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे आणि थोडक्यात असा: 'दहा ते तेरा वयाच्या मुलांसाठी साहसकादंबरी लिहिते आहे. काळ पहिल्या एलिझाबेथ राणीचा, साल साधारण १६००. बारा वर्षांची मुलगी मुलाचा वेष घेऊन लंडनच्या एका नाटकमंडळीत शिरते आणि राणीच्या खुनाचा कट उधळून लावते. तीन प्रकरणं झाली, पण सगळं पुठ्ठ्याचं वाटतंय. इतिहास किती घालू? शेक्सपिअरला आणू की नको? आणि त्या काळातला क्रूरपणा मुलांना किती दाखवू?'

मुलांसाठी ऐतिहासिक कथा लिहिण्यात आणि इतरांची हस्तलिखितं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. या काळावरच्या लिखाणात एकच दुखणं मला वारंवार दिसतं, आणि तुमच्या सारांशातही ते आहे. तुमची नायिका मोकळी आहे. ती घरातून निघते, मंडळीत शिरते, रात्री-अपरात्री लंडनभर फिरते आणि तिला कोणी विचारत नाही की तू कोणाची. असं मूल त्या लंडनमध्ये फार काळ टिकलं नसतं. तिथलं प्रत्येक मूल कोणाच्या तरी ताब्यात असायचं: बापाच्या, धन्याच्या, शाळेच्या, चर्चमधल्या गायकवृंदाच्या, यापैकी कोणीच नसेल तर पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या. मोठ्यांचीही तीच गत होती. १५७२च्या कायद्यानं कोणा सरदाराचा आश्रय नसलेल्या नटांना सरळ भटक्यांत काढलं होतं, आणि भटका म्हणून दोषी ठरलेल्याला फटके मारून उजव्या कानाची पाळी तापल्या लोखंडानं जाळायची, अशी शिक्षा होती. म्हणून तर मंडळ्यांची नावं 'लॉर्ड चेंबरलेनची माणसं', 'लॉर्ड ॲडमिरलची माणसं' अशी. नटसुद्धा कोणाचा तरी 'माणूस' असल्याशिवाय रस्त्यावर उभा राहू शकत नव्हता.

तेव्हा कथानक रचण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा: हे पोर कोणाच्या ताब्यात आहे, आणि त्या ताब्यातून ते कोणाच्या ताब्यात जातं? याचं उत्तर नक्की झालं की साहस आपोआप उभं राहतं. राणीच्या खुनाच्या कटाची गरज उरत नाही. बारा वर्षांच्या वाचकाला राणी मेल्यानं गादीचं काय होईल हे समजावून सांगायला तुम्हाला दोन प्रकरणं लागतील. शाळेच्या वाटेवरून उचलून नेलं तर काय होईल, हे त्याला एका वाक्यात कळतं.

आणि हे खरंच घडलेलं आहे. १३ डिसेंबर १६००. टॉमस क्लिफ्टन, वय तेराच्या आसपास. बाप हेन्री क्लिफ्टन नॉरफॉकचा खानदानी गृहस्थ, लंडनात सेंट बार्थोलोम्यूजवळ बिऱ्हाड केलेला. मुलगा घरून क्राइस्ट चर्चच्या शाळेकडे निघाला. वाटेत जेम्स रॉबिन्सन नावाच्या माणसानं त्याला धरलं आणि थेट ब्लॅकफ्रायर्सच्या नाट्यगृहात नेलं. तिथं हेन्री एव्हान्स आणि राणीच्या चॅपेलमधल्या गायक-मुलांचे प्रमुख नॅथॅनिएल जाइल्स मुलांची नाटकमंडळी चालवत होते. जाइल्सकडे राणीची सनद होती: चॅपेलमध्ये गाण्यासाठी चांगल्या गळ्याची मुलं देशभरातून उचलून आणावीत. सनद गाण्यासाठी होती आणि मुलं नाटकाला जुंपली जात होती.

बाप धावत आला. मुलगा परत द्या म्हणाला. त्याला उत्तर मिळालं की आमच्या हातात इतका अधिकार आहे की या देशातल्या कुठल्याही सरदाराचा मुलगा आम्ही उचलू शकतो. मग बापाच्या देखत त्यांनी टॉमसच्या हातात एक कागदाची गुंडाळी ठेवली. नाटकातल्या एका भूमिकेची वाक्यं. ही पाठ कर, नाहीतर फटके पडतील. हेन्री क्लिफ्टन राणीच्या मंत्रिमंडळातल्या सर जॉन फोर्टेस्क्यू यांच्याकडे गेला, त्यांचा हुकूम मिळवला, आणि सुमारे एक दिवस आणि एक रात्र उलटल्यावर मुलगा सुटला. पुढच्या वर्षी, डिसेंबर १६०१मध्ये, बापानं स्टार चेंबर या न्यायालयात तक्रार केली. ती तक्रार आजही शिल्लक आहे, म्हणून हे सगळं आपल्याला तपशिलानं माहीत आहे.

या प्रसंगात हत्यारं कोणती आहेत ते बघा. तलवार नाही, विषाची बाटली नाही. कागदाची एक गुंडाळी आणि वेताची धमकी. आणि वर राणीचा शिक्का, म्हणजे मदतीला धावणारा माणूसही दोनदा विचार करणार. मुलांच्या कादंबरीला याहून चांगला खलनायक मिळत नाही, कारण एव्हान्स कायद्याच्या आड उभा आहे. नकाशा काढा आणि बोट ठेवा: सेंट बार्थोलोम्यू, न्यूगेटजवळची शाळा, उतारानं खाली नदीकडे गेलं की ब्लॅकफ्रायर्स. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांची चाल. घर इतकं जवळ आणि तरी जाता येत नाही, ही घालमेल मुलांना लगेच भिडते.

आता पुढची गोष्ट, जी मला टॉमसच्या सुटकेपेक्षाही मोठी वाटते. टॉमसचा बाप खानदानी होता, म्हणून तो सुटला. त्याच तक्रारीत बापानं उचललेल्या इतर मुलांची नावं दिली आहेत: जॉन चॅपेल, जॉन मॉटरम, नेथन फील्ड, अल्व्हरी ट्रसेल, फिलिप पिकमन, टॉमस ग्राइम्स, सॅलोमन पेव्ही. कोणी शाळेतून उचललेला, कोणी धन्याकडे उमेदवारी करणारा. नेथन फील्ड सेंट पॉल्सच्या शाळेत शिकत होता. त्याचा बाप जॉन फील्ड हा कडवा प्युरिटन धर्मोपदेशक. जानेवारी १५८३मध्ये पॅरिस गार्डनला अस्वलांची झुंज बघणाऱ्यांचा सज्जा कोसळून माणसं मेली, तेव्हा हा देवाचा कोप आहे आणि असले खेळ बंद करा, असं पुस्तक त्यानं लिहिलं. नेथन तान्हा असतानाच बाप वारला. आणि तेच पोर तेराव्या वर्षी रंगभूमीवर आणलं गेलं, तिथंच राहिलं, पुढं नामवंत नट झालं, नाटककार झालं.

तुमच्या कादंबरीतला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात चांगला प्रसंग इथं आहे. सुटका दारात उभी आहे, आणि मुलाला जायचंय का? वेताच्या धाकानं पाठ केलेली वाक्यं त्याला आवडायला लागली असतील तर? लोक श्वास रोखून आपल्याकडे बघतात हे एकदा अनुभवलेलं पोर शाळेच्या लॅटिनकडे सहज परत जाईल का? माझा सल्ला असा की दोन मुलं घ्या. एकाला घरी जायचं आहे, दुसऱ्याला घर उरलेलं नाही. त्यांची दोस्ती हाच कादंबरीचा कणा. पळवून आणणाऱ्यांना माफ करू नका, पण मुलाला नाटक आवडलं ही गोष्टही लपवू नका. या वयाचे वाचक दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरू शकतात.

आता इतिहास किती घालू? यावर माझं मत पक्कं आहे. वर्णनासाठी इतिहास अजिबात नको. घागऱ्याचे घेर, खिडक्यांच्या काचा, रस्त्यावरचा चिखल यांचे परिच्छेदच्या परिच्छेद मुलं उलटून पुढं जातात. इतिहास घाला तो नायकाला करावं लागणाऱ्या कामात. आणि इथं मराठी लेखकाला मोठा आधार आहे, कारण नाटकमंडळीचं काम आपल्याला परकं नाही. किर्लोस्कर मंडळीपासून गंधर्व मंडळीपर्यंत आपल्याकडे मुलगे स्त्रीपार्टी करत होते, कंपनीच्या बिऱ्हाडात वाढत होते, आपापली नक्कल, म्हणजे आपल्या संवादांचा कागद, घेऊन कोपऱ्यात घोकत होते. लंडनमध्येही नक्कलच होती. अख्खं नाटक कोणाच्या हातात पडत नसे. ज्याचे त्याचे संवाद तेवढे लिहून कागदाच्या पट्ट्या एकाखाली एक चिकटवायच्या आणि गुंडाळी करायची. एडवर्ड ॲलन या त्या काळातल्या बड्या नटाची अशी एक नक्कल लंडनच्या डलिच कॉलेजमध्ये जपून ठेवलेली आहे. तिच्यात त्याच्या प्रत्येक भाषणाआधी एक लांब रेघ आहे आणि रेघेच्या टोकाला आधीच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते शब्द कोण म्हणणार, किती वेळानं म्हणणार, यातलं काही नाही.

म्हणजे काय, ते लिहूनच दाखवतो:

'माझ्या कागदावर रेघेच्या टोकाला दोन शब्द होते, "देवा, पुरे." ते ऐकले की दार ढकलायचं, तीन पावलं टाकायची आणि म्हणायचं, "बाबा, मी आले." दाराच्या फटीला मी कान लावला. म्हातारा राजा बोलत होता, बोलतच होता. कमरेची दोरी करकचून आवळलेली, श्वास वरच्या वर. "देवा, पुरे!" मी दार ढकललं. तीन पावलं टाकली. राजानं माझ्याकडे बघितलं नाही. तो गुडघ्यावर बसला आणि पुन्हा म्हणाला, "देवा," मग इतका वेळ थांबला की समोरच्या गर्दीत कोणीतरी कवचीचं फळ फोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तेव्हा कळलं. त्याचं बोलणं संपलेलं नव्हतं. मेलेली मुलगी परत येण्याआधीचं त्याचं वाक्य अजून बाकी होतं, आणि ती मुलगी त्याच्या मागं आधीच येऊन उभी होती.'

यात तारीख नाही, माहितीचा परिच्छेद नाही. पण नक्कल, एंट्री, मुलानं केलेलं मुलीचं काम, बांधलेला झगा, समोर दाणे खात बसलेले लोक, हे सगळं येऊन गेलं. फळ फोडण्याचा आवाज मी असाच टाकलेला नाही. १९८९मध्ये लंडनच्या बँकसाइड भागात 'रोज' नाट्यगृहाचा पाया खणून उघडला, तेव्हा तिथं हेझलनटच्या कवचांचा खच सापडला.

एक सावधगिरी. आपल्या डोळ्यांसमोर नाट्यगृह म्हटलं की दर्शनी पडदा आणि विंगा येतात. तिथं त्या नव्हत्या. 'रोज'सारख्या उघड्या नाट्यगृहात रंगमंच प्रेक्षकांच्या अंगणात पुढं आलेला, तिन्ही बाजूंनी माणसं, मागं भिंत आणि भिंतीत दारं. भिंतीपलीकडे रंगपट आणि कपडेपट. खेळ दुपारी, दिवसाउजेडी. ब्लॅकफ्रायर्स मात्र छताखालचं, मेणबत्त्यांवर चालणारं, आणि तिकीट कितीतरी महाग. तुमचा नायक एका जागेहून दुसरीकडे गेला तर त्याला आवाज किती लावायचा इथपासून सगळं बदलावं लागेल. हस्तलिखितांत मुलं 'विंगेत लपून' बसलेली दिसली की मी पेन्सिलीनं खूण करतो.

आणखी एक गोष्ट वापरा, जी फुकट मिळते आहे: मुलाचा आवाज फुटणं. स्त्रीभूमिका करणाऱ्या पोराची सगळी किंमत त्या आवाजात. तो कधी फुटेल कोणाला ठाऊक नाही. एव्हान्ससारख्या माणसाच्या दृष्टीनं आवाज फुटलेलं पोर म्हणजे बुडालेली रक्कम. मुलाच्या दृष्टीनं ती सुटका असेल, नाहीतर सर्वनाश. घड्याळ लावून, 'तीन दिवसांत कट उधळला पाहिजे' असं म्हणून जी घाई आणावी लागते, ती इथं मुलाच्या गळ्यातच आहे.

आता तुमची मुलगी. मुलाचा वेष घेणारी मुलगी या काळावरच्या कथांत इतकी येते की वाचकाला पुढचं पान आधीच कळतं. वेष उघडा पडणार, कोणीतरी गुपित राखणार, शेवटी शाबासकी. तिला ठेवाच, पण मुलगी म्हणून ठेवा. नाट्यगृहात बायका होत्या. दारावर पैसे गोळा करणाऱ्यांत बायका असत. कपडे शिवणं, दुरुस्त करणं, खाण्याच्या वस्तू विकणं ही कामं होती. आणि भांडायला तर बायका पुढं होत्याच.

लंडनच्या शोरडिच भागातलं 'द थिएटर' जेम्स बर्बेजनं १५७६मध्ये बांधलं, ते त्याचा मेव्हणा जॉन ब्रेन याच्या पैशाच्या जोरावर. ब्रेन किराण्याच्या धंद्यातला. तो १५८६मध्ये वारला. त्याची विधवा मार्गारेट ब्रेन अर्धा वाटा मागत राहिली, बर्बेज देईना. कोर्टाचा हुकूम घेऊन ती नोव्हेंबर १५९०मध्ये माणसांसह नाट्यगृहाच्या दारात उभी राहिली: आजच्या गॅलरीच्या गल्ल्यातला अर्धा हिस्सा इथंच द्या. जेम्स बर्बेजनं शिव्या घातल्या. त्याचा तरुण मुलगा रिचर्ड, जो पुढं हॅम्लेटची भूमिका करणारा पहिला नट झाला, तो केरसुणीचा दांडा घेऊन धावून गेला. मार्गारेटबरोबर आलेल्या निकोलस बिशप नावाच्या माणसाच्या नाकाशीही त्यानं तुच्छतेनं चाळा केला, असं बिशपनं कोर्टात शपथेवर सांगितलेलं आहे.

या प्रसंगात दारावर पैशाची डबी धरून एक दहा वर्षांची मुलगी उभी करा. ते गोळा झालेले पैसे तिच्या हातात आहेत. एका बाजूला विधवा म्हणते, हे माझे. दुसऱ्या बाजूला दांडा घेतलेला पोरगा. ती कोणाच्या ताब्यात आहे? कोणाला डबी देणार? आता तिला वेष बदलायची काहीच गरज नाही. (१५९० आणि १६०० या दोन्ही गोष्टी एकाच कादंबरीत बसणार नाहीत, हे खरं. दहा वर्षांची मुलगी वीस वर्षांची होऊन ब्लॅकफ्रायर्सला कपडेपट सांभाळताना दिसू शकते, आणि पळवून आणलेल्या पोराला मोठ्यांपैकी तीच समजून घेते, असं मला फार आवडेल.)

कपडेपटावरून सुचलं. मंडळीकडचं सगळ्यात महाग काय, असं विचारलं तर मुलं 'नाटक' म्हणतील. एका नव्या नाटकाचे लेखकाला साधारण सहा पौंड मिळत. ॲलनच्या कागदपत्रांत सोन्याचांदीच्या भरतकामाच्या बाह्या असलेल्या काळ्या मखमली झग्याची किंमत वीस पौंडांच्या वर आहे. म्हणजे एका झग्यात तीन नाटकं. बाहेर मात्र कोणी कुठलं कापड अंगावर घालावं यावर दर्जाप्रमाणे निर्बंध होते. टॉमस प्लॅटर नावाचा स्विस प्रवासी १५९९मध्ये लंडनला आला होता. त्यानं लिहून ठेवलं आहे की सरदार मरताना आपले उंची कपडे नोकरांना देऊन जातात, नोकरांना ते घालता येत नाहीत, म्हणून ते नटांना विकतात. तेव्हा तुमच्या पोराला एकदा तो मखमली झगा अंगावर घालून रस्त्यावर पळायला लावा. तो चोर ठरतो, स्वतःहून मोठा दर्जा मिरवणारा ठरतो, आणि मंडळीचं वर्षभराचं पोट त्याच्या पाठीवर असतं. पाठलाग लिहायला एवढं पुरतं.

पैशाचा हिशेब पुस्तकाच्या सुरुवातीला देऊ नका. एका पेनीत अंगणात उभं राहून खेळ बघायला मिळतो, आणखी एक पेनी दिली की गॅलरीत बसायला मिळतं, हे मुलाच्या मुठीतून कळू द्या. बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड हे गणित मुलं गोष्टीच्या ओघात करून टाकतात. फिलिप हेन्स्लो या 'रोज'च्या मालकाचे हिशेब वाचायला मिळाले तर अवश्य वाचा. १५९८च्या सामानाच्या यादीत एक खडक, एक पिंजरा, एक थडगं, नरकाचं एक तोंड, रोम शहर आणि सूर्यचंद्राचं कापड अशा नोंदी आहेत. त्याच वर्षी अदृश्य होण्यासाठी घालायचा एक झगाही विकत घेतलेला आहे. अंगावर असला की प्रेक्षकांनी समजायचं, हा आता कोणाला दिसत नाही. असा झगा हाती लागलेलं पोर काय काय करून बघेल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शेक्सपिअरचं म्हणाल तर त्याला दारातून जाऊ द्या, बोलू देऊ नका. तो तुमच्या नायकाच्या खांद्यावर हात ठेवून शहाणपणाचं वाक्य बोलला की कादंबरी तिथंच संपते. त्याच्याऐवजी कमी ओळखीची माणसं घ्या. बेन जॉन्सन ब्लॅकफ्रायर्सच्या या मुलांसाठी नाटकं लिहीत होता. 'सिंथियाज रेव्हल्स' या त्याच्या १६००च्या नाटकाची सुरुवातच अशी आहे की तीन मुलं रंगमंचावर येतात आणि नांदीचं भाषण कोण करणार यावरून झगा ओढत भांडतात. फील्ड आणि पेव्ही, दोघंही या नाटकात होते. म्हणजे उचलून आणलेली पोरं पोरांचंच सोंग घेऊन लोकांसमोर भांडत होती. आणि जॉन्सन स्वतः कोण? १५९७मध्ये 'द आयल ऑफ डॉग्ज' या नाटकापायी तुरुंगात गेलेला, १५९८मध्ये गॅब्रिएल स्पेन्सर या नटाला द्वंद्वात ठार मारून अंगठ्यावर तापल्या लोखंडाचा डाग घेऊन फाशीतून सुटलेला. तो अंगठा मुलांनी बघितला असणार. तुमच्या नायकाला तो अंगठा दिसू द्या, विचारायची हिंमत मात्र प्रकरणभर होऊ देऊ नका.

राजकारण हवंच असेल तर कट रचायचं कारण नाही, खरा आहे. ७ फेब्रुवारी १६०१ला अर्ल ऑफ एसेक्स या सरदाराच्या माणसांच्या सांगण्यावरून 'ग्लोब' नाट्यगृहात दुसऱ्या रिचर्ड राजावरचं नाटक झालं, ज्यात राजाला गादीवरून उतरवतात. नेहमीच्या गल्ल्यावर चाळीस शिलिंग जादा मिळणार होते. दुसऱ्या दिवशी एसेक्सनं बंड केलं आणि ते फसलं. मंडळीतल्या ऑगस्टीन फिलिप्सला बोलावून जबाब घेतला गेला. शिक्षा झाली नाही. उलट २४ फेब्रुवारीला त्याच मंडळीनं राणीसमोर खेळ केला आणि दुसऱ्या दिवशी एसेक्सचं डोकं उडवलं. टॉमस क्लिफ्टनला उचललं त्यानंतर आठच आठवड्यांनी हे घडलं. ब्लॅकफ्रायर्सची जागा एव्हान्सला भाड्यानं दिलेली होती ती रिचर्ड बर्बेजनं, म्हणजे 'ग्लोब'च्याच मंडळीतल्या नटानं. नदीच्या दोन काठांवरच्या या दोन जागा जोडायला निरोप घेऊन जाणारं एक पोर आणि एक नावाडी पुरेत. पण हे पार्श्वभूमीलाच ठेवा. पोराला फक्त एवढं कळावं की मोठी माणसं अचानक हळू बोलायला लागली आहेत.

क्रूरपणाचा प्रश्न तुम्ही काळजीनं विचारला आहे. लंडन पुलाच्या दक्षिण दरवाजावर देशद्रोह्यांची मुंडकी काठ्यांवर खोचलेली असत, बँकसाइडला नाटकाच्या शेजारीच अस्वलांवर कुत्रे सोडत. हे दाखवा, पण रोजचं म्हणून दाखवा, तिथल्या मुलाला दिसत असेल तसं. पान दोन पानं त्यात रेंगाळू नका. अस्वलाजवळ मात्र थांबा, कारण मुलं माणसांच्या मुंडक्यांपेक्षा अस्वलासाठी जास्त रडतात आणि ते रडणं योग्य आहे.

मृत्यू टाळू नका. सॅलोमन पेव्ही १६०२मध्ये गेला, जेमतेम तेराचा. म्हाताऱ्यांच्या भूमिका तो इतक्या हुबेहूब करायचा की नियतीच्या देवतांना तो खरोखर म्हातारा वाटला आणि त्यांनी त्याला नेलं, असं जॉन्सननं त्याच्यावरच्या कवितेत म्हटलं आहे. ज्या माणसांनी मुलांना राबवलं त्यांच्याच गोटातल्या एका उग्र माणसानं एका पोरासाठी असं लिहावं, हे मला दरवेळी थांबवतं. टॉमस घरी गेला, पेव्ही गेला नाही. तुमच्या दोन मुलांतल्या एकाचं नशीब काय, हे ठरवताना हे समोर असू द्या.

आणि माया दाखवायची तर तीही कागदोपत्री आहे. १५९३मध्ये प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहं बंद होती, मंडळ्या गावोगाव फिरत होत्या. ॲलननं ब्रिस्टलहून बायकोला, जोनला, पत्र लिहिलं: दारापुढं रोज संध्याकाळी पाणी टाक, खिडकीत औषधी पाला ठेव, माझे नारिंगी लोकरी मोजे काळे रंगवून घे, आणि अजमोदेच्या वाफ्यात सप्टेंबरात पालक पेर. त्याच्याजवळ जॉन पिक नावाचं एक उमेदवार पोर होतं, लाडाचं नाव 'पिग', म्हणजे डुक्कर. त्याच्या नावानं जोनला पाठवलेलं एक खट्याळ पत्रही शिल्लक आहे, अक्षर खुद्द ॲलनचं. म्हणजे सगळी पोरं मार खात नव्हती. ज्या घरात धनीण वाट बघते आणि धनी पोराच्या नावानं थट्टेची पत्रं लिहितो, असंही एक घर त्या धंद्यात होतं. एव्हान्सचं नाट्यगृह आणि ॲलनचं घर, ही दोन्ही टोकं कादंबरीत असली तर मुलांना कळेल की ताबा म्हणजे नेहमीच बेडी नव्हे.

संवादांबद्दल थोडंसं. या पोरांच्या तोंडी बखरीची मराठी घालू नका. 'आज्ञा महाराज' वगैरे आलं की वाचक लंडन सोडून रायगडावर पोचतो. साधी, आजची, जरा ठसकेबाज बोली ठेवा. धन्याला 'मालक', एव्हान्सला 'साहेब', आपसांत अरे-तुरे. राणीला मात्र कोणी नावानं हाक मारणार नाही.

मराठी मुलांना हे दूरचं वाटेल, अशी भीती बाळगू नका. लंडनमध्ये टॉमस क्लिफ्टनला उचललं त्यानंतर अठराच दिवसांनी, ३१ डिसेंबर १६००ला, त्याच राणीनं ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. आणि त्या वेळी गोव्यात टॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज पाद्री वीसहून जास्त वर्षं राहिलेला होता, जो पुढं मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिणार होता. यांपैकी काही कथेत ओढून आणायला मी सांगणार नाही. पुस्तकाच्या शेवटच्या टिपणात मात्र दोन ओळी जरूर लिहा.

ते टिपण मात्र चुकवू नका. कादंबरी संपल्यावर दीड-दोन पानांत मुलांना सरळ सांगा: क्लिफ्टन खरा, एव्हान्स खरा, ती गुंडाळी खरी, केरसुणीचा दांडाही खरा, दारावरची मुलगी मी रचली. १६०६मध्ये जाइल्सला नवी सनद मिळाली तिच्यात चॅपेलच्या गायक-मुलांना नट म्हणून वापरायचं नाही अशी अट घातली गेली, हेही सांगा. काय खरं आणि काय रचलेलं, हे तपासायला या वयाची मुलं फार उत्सुक असतात, आणि लेखकानं ते उघड केलं की पुढच्या पुस्तकावर जास्त विश्वास ठेवतात. तुमची तीन प्रकरणं फेकू नका. पहिल्या प्रकरणातून कट काढा, मुलीच्या हातात पैशाची डबी द्या, आणि दुसरं प्रकरण शाळेच्या वाटेवर सुरू करून बघा.